पाकिटासकट

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखलं असशील, आणि तिकीट वाकडं बघून हसलाही असशील. आपल्या घरातून वाकडं तिकीट लावलेलं पाकीट बाहेर पडावं म्हणजे शिंप्याच्या पोराने उसवलेल्या बाहीने हिंडण्यातला प्रकार. तिकडे शेवटी येते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण बाबांचा विषय निघाला की तू 'थांब ताई, पोरं हाका मारताहेत' म्हणतोस आणि मला पोरांचा आवाज कधीच ऐकू येत नाही. पत्र मात्र तू पुरं वाचशील. लहानपणापासून तू काही अर्धवट सोडायचा नाहीस, भांडणसुद्धा.

बाबा आता अंथरुणातच आहेत. त्यांना आईच्या खोलीत आणलंय, कारण तिथे उजेड जास्त. तसा उजेडाचा त्यांना आता उपयोग नाही. खिडकी कुठे आहे एवढं कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. पाय सुजलेत, चार शब्द बोलले की दम लागतो. डॉक्टर येतात, नाडी बघतात आणि जिन्यात मला हळूच विचारतात, "मुलाला कळवलंत ना?" मी हो म्हणते. कळवलंच आहे की. तू 'बघतो' म्हणालास, तेही त्यांना सांगते. ते मग बूट घालण्यात फार वेळ लावतात.

दुपारी जिन्यात पावलं वाजली की बाबा विचारतात, "टपाल आलं?" येतं ते काय, विजेचं बिल नाही तर बँकेचं काहीतरी. तरी मी हातात देते. ते पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवतात. तिथे हल्ली छापील शिक्का असतो, तिकीट नसतंच. अंगठ्याला काही लागत नाही. पाकीट बाजूला ठेवून म्हणतात, "मुकं आहे."

दुकान आवरायला घेतलंय. तुला ते शेवटचं आठवतं तसंच आहे, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबावं असं. काचेच्या टेबलाखाली चिमटे, भिंगं, बाबांची ती मऊ उशी. मागच्या बाजूला अजून दोन पोती निघाली, कचेऱ्यांतून आणलेल्या पाकिटांच्या कोपऱ्यांची. त्या पोत्यांचा वास आला आणि मी खालीच बसले. आपलं सगळं लहानपण त्या वासात गेलं रे. आई घमेल्यात कोमट पाणी घ्यायची, त्यात ते कोपरे सोडायची, आणि डिंक विरघळून तिकिटं आपणहून वर तरंगायला लागायची. मग ओल्या तिकिटांना पाठीवर झोपवायचं, वर जुनी वर्तमानपत्रं, वर पाटा. घरात जेवायला जागा नाही, कारण तिकिटं वाळताहेत. आईच्या बोटांना कायम सुरकुत्या. ती म्हणायची, "माझी बोटं म्हातारी झाली, बाकीची मी मागून येतेय." शेजारच्या मावशी तर म्हणायच्या की यांच्याकडे लग्नपत्रिका आली तर मुलगी कुणाची ते नंतर बघतात, आधी तिकीट कुठलं ते बघतात. खोटं नव्हतं.

आणि बाबांचं ते शिकवणं. तू भिंग डोळ्याला लावून त्यांच्या मांडीवर बसायचास. एकदा तू विचारलंस, जुनं तिकीट म्हणजे महाग ना? ते म्हणाले, "छे रे! जुनी माणसं काय कमी आहेत जगात? लाखांनी छापलेलं तिकीट शंभर वर्षांचं झालं तरी त्याला कोणी विचारत नाही. जे उरायला नको होतं आणि तरी उरलं, ते दुर्मीळ." कुठे चित्र उलटं छापलं गेलं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत चार-दोन तिकिटं विकली गेली. कुठे राजा बदलला आणि गठ्ठेच्या गठ्ठे जाळले, पण एका म्हातारीने तोवर आपल्या लेकीला पत्र टाकलं होतं. संग्राहक कागद विकत घेत नाहीत, म्हणायचे, ते निसटलेपण विकत घेतात. आणि असं तिकीट पाकिटासकट सापडलं तर मग बोलायलाच नको. कारण टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर असतो नि अर्धा पाकिटावर. कोण, कुठून, कधी, कुणाला, हे दोघं मिळून सांगतात. एकमेकांपासून तोडले की दोघंही मुके.

एवढं सगळं ते तुला सांगत, मला सांगत, दुकानात येणाऱ्या कुणालाही सांगत. आईला सांगायचं राहून गेलं. तिच्या घमेल्यात येणारी तिकिटं पोत्यातली, कवडीमोल, पसाभर घ्या नि मूठभर द्या अशी. तिला सांगायची वेळच कधी आली नाही.

बेट घरी आलं तो दिवस तुला आठवतो का? तू लहान होतास, पण बेट हे नाव तर तूच ठेवलंस. कुणा मयत माणसाच्या ट्रंकेतल्या रद्दीत बाबांना ते पाकीट सापडलं होतं. दूरच्या एका बेटावर तिकिटं संपली, बोट येईना, म्हणून तिथल्या छापखानेवाल्याने हाताला लागेल त्या शाईने थोडी तिकिटं छापली, त्यातलं एक. निळंशार. मळक्या, कडा कुरतडलेल्या पाकिटावर, शिक्क्यासकट. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईला म्हणाले, "अगं, आपलं नशीब आलंय पाकिटातून. भिंगवाल्याला घेऊन येतो, त्याच्या नजरेखालून गेलं पाहिजे." आणि चपला उलट्यासुलट्या घालून पळाले. भिंगवाले काका म्हणजे बाबांचे दोस्त, गळ्यात सदा भिंग लटकवणारे, या धंद्यातला शेवटचा शब्द.

ते दोघं परत आले तेव्हा मी दारातच गजगे खेळत होते. आई हात पुसत बाहेर आली, अगदी फुललेली. म्हणाली, "अहो, बघा तरी! केवढा निळा मळ होता त्याच्यावर. पाणी निळंशार झालं हो." पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या वाडग्यात तिने ते सोडवलं होतं. घमेल्यात नाही, काचेच्या वाडग्यात. पाहुणे यायच्या आधी आपण पोराचं तोंड धुतो ना, तसं. बाबांनी दाराची चौकट धरलेली मला आठवते. मला वाटलं, पळत आल्यामुळे धाप लागलीय. मग ते वाडग्यापाशी गेले, चिमट्याने तिकीट उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "वा! कडेचा एक दातासुद्धा मोडला नाही. असा हात कुणाचा नाही." आईने काकांना विचारलं, चहात साखर किती. काका म्हणाले, "आज जरा जास्तच घाला, वहिनी."

त्यानंतर बेट कपाटात गेलं ते गेलंच. गावभर बोलबाला झाला होता, माणसं बघायला यायची. बाबा म्हणायचे, "दाखवायचं नाही, विकायचं नाही." लोक त्यांना वेडे म्हणाले, कंजूष म्हणाले. आई मात्र आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, "माझ्या हाताने सोडवलंय मी ते." काका समोर असले की ते खाली बघून भिंग पुसत बसायचे.

आता ते भांडण. मी विसरले नाही आणि तूही विसरला नाहीस, म्हणून थोडक्यात लिहिते. आईला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात न्यायचं होतं, आणि पैसे नव्हते. तू म्हणालास, बेट विका. बाबा म्हणाले, "ते विकायचं नाही." तू पुन्हा म्हणालास, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तुझ्याकडे न बघता. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. मग तू जे म्हणालास ते मला अजून ऐकू येतं, "मग ती गेल्यावर तिलाही चिकटवा तुमच्या अल्बममध्ये." आतून आईचाच आवाज आला, "अरे, नको रे त्यांना बोलूस. एवढं एकच तर जपलंय त्यांनी." बाबा उठून बाहेर गेले. आईला नेलं, शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, आणि पानगळ संपायच्या आत ती गेली. तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस. तिला नेलं ते कशाच्या जोरावर, हे तू विचारलं नाहीस आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं. दुकानातले ते जाड अल्बम मी परवा उघडले. सगळे रिकामे आहेत रे. एकेक करून सगळी तिकिटं विकली, आणि आपल्याला कळू नये म्हणून रिकामे अल्बम फळीवर तसेच उभे ठेवले. एक बेट सोडून सगळं विकलं.

ते का सोडलं, हे मला आता कळलंय. काका बाबांना बघायला आले होते. बाबा झोपले होते. मी म्हटलं, काका, दुकान आवरतेय, बेटाला चांगलं गिऱ्हाईक तुम्हीच बघा. ते म्हणाले, "अगं वेडे, ते विकायचं नाही." मी चिडले. म्हटलं, तुम्हीही तेच? तेव्हा त्यांनी गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. भिंग नसलेले काका मी पहिल्यांदा बघितले. म्हणाले, "त्या बेटाची शाई पाण्यात टिकत नाही. म्हणून तर ते दुर्मीळ. ज्यांनी ज्यांनी सोडवायला घेतलं त्यांची गेली. ज्यांना कुणी हात लावला नाही तेवढीच उरली. तुझ्या आईने पाण्यात घातलं आणि विषय संपला. मी दारात उभा होतो."

मी कपाट उघडलं. काळ्या कागदाच्या खिशात ते आहे. धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखं. दाते सगळे शाबूत, मध्ये काही नाही. डोळे बारीक करून बघितलं तर कुठे निळ्याची आठवण असावी असं वाटतं.

मी काकांना विचारलं, मग त्या दिवशी धाकट्याला एकट्याला बाजूला घेऊन का नाही सांगितलं? काका म्हणाले, "मी हेच म्हटलं होतं तुझ्या बापाला. म्हणाला, पोरगा तापट आहे, तिच्यासमोर तोंडातून जाईल. तिचे शेवटचे दिवस आहेत. आपल्याच हाताने आपलं औषध धुऊन टाकलं, हे घेऊन तिने जाऊ नये." मग ती गेल्यावर का नाही? काकांनी भिंग परत गळ्यात घातलं. म्हणाले, "तेही विचारलं. तर म्हणतो, पोराला राग कुणावर तरी धरायचाच आहे. माझ्यावर आहे तो बरा आहे. मी पेलतो. तिला आता उत्तर देता यायचं नाही."

तुला हे कळावं अशी बाबांची इच्छा नाही. इतकी वर्षं जे त्यांनी झाकलं ते मी एका दुपारी उघडं करतेय, आणि बरोबर करतेय की नाही ते मला माहीत नाही. एकच मागते, आईवर रागावू नकोस. तिने वाडगा काचेचा घेतला होता, एवढं लक्षात ठेव. राग आलाच तर माझ्यावर काढ. मी आहे, मीही पेलेन.

आता त्या वाकड्या तिकिटाचं. आज जेवण झाल्यावर बाबांनी आपणहून पाकीट मागितलं. कोरं. मग तिकिटांचा डबा मागितला, बोटांनी चाचपून एक निवडलं, पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून मागचा डिंक ओला केला आणि लावलं. आयुष्यभर ज्यांनी तिकिटाची कड पाकिटाच्या कडेला समांतर लावली, त्यांचं ते वाकडं बसलं, आणि त्यांना ते दिसलं नाही. अंगठा त्यावर दाबून ते कितीतरी वेळ तसेच बसले. मी म्हटलं, "बाबा, चिकटलं." तरी अंगठा काढेनात. मग पाकीट माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "धाकट्याचा पत्ता घाल." मी विचारलं, आत काय लिहू? दम लागला होता. म्हणाले, "आत काय घालायचं ते तू बघ." म्हणून हे पत्र. पाकीट आधी तयार झालं, मजकूर नंतर आला. डॉक्टर आता महिन्यांची भाषा बोलत नाहीत, धाकट्या, आठवड्यांचीही नाही. मिळेल त्या गाडीने निघ. त्यांना काही बोलू नकोस, माफी नको, खुलासा नको. तुला कळलंय असंही त्यांना दाखवू नकोस. फक्त हे पाकीट बरोबर आण. फाडताना जपून फाडलं असशील अशी आशा आहे. तिकीट सोडवू नकोस. जसंच्या तसं त्यांच्या हातात दे, शिक्क्यासकट. उजव्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा जाईल, आणि ते तुझ्याकडे पोचलं होतं, एवढं त्यांना कळेल.

वाट बघणारी,
तुझीच,
ताई