कुलपातले पट्टे

सोमवार, ३ जुलै

मुख्याध्यापिकाबाई तोंडी बोलतात आणि नंतर नाकारतात, म्हणून लिहून ठेवते. आज त्यांनी माझी शिवणाची खोली काढून घेतली. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी तिथे ‘शांत खोली’ होणार. सहाही पायमशिनं जिन्याखाली. आणि शिवण? तर म्हणे, "आता कोण शिवतं?" अंगावरचे कपडे आभाळातून पडत असावेत!

बुधवार, ५ जुलै

खोली सजवणारी आली. माझी कात्री वयाने तिच्यापेक्षा मोठी. भिंती फिकट जांभळ्या, खाली मऊ गाद्या, कोपऱ्यात बुडबुड्यांचा दिवा, वर सुगंधाचा फवारा – मुलांना म्हणे निवांत वाटेल. किती मुलांना विचारलंत, असं मी विचारलं. तिने छापील अहवाल पुढे केला.

गुरुवार, ६ जुलै

मधल्या सुट्टीत नववीतली ती मुलगी आली. मी तिला घुमी म्हणते. वर्षभर येते, बोलत नाही, शिवतही नाही – दोरा न ओवता नुसतं मशीन चालवत बसते. घंटा झाली की जाते. टंगळमंगळ, दुसरं काय! पूर्वी वर्गात तिला धाप लागायची, हातपाय कापायचे, असं तिच्या वर्गशिक्षिका सांगतात. पुन्हा झालं तर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलंय. आज तिलाही सांगून टाकलं – ही खोली गेली, आता गादीवर लोळायला जा.

शनिवार, ८ जुलै

मशिनं हलली. तिथून पुढे भंगारात. त्याआधी मी सगळ्यांचे चामडी पट्टे काढून माझ्या कपाटात कुलूपबंद केले. पट्ट्यावाचून चाक फिरत नाही. माझी मशिनं भंगारातून उचलून फुकटात कुणाच्या घरी चालायची नाहीत.

फार बरं वाटलं.

मंगळवार, १८ जुलै

उद्घाटन. पाहुण्यांना दाखवायला बाईंनी घुमीलाच गादीवर बसवलं. समोर वीसेक माणसं, कानाशी दिव्याची घरघर, नाकात फवारा. तिला धाप लागली. उठली आणि पळाली.

मला सापडली जिन्याखाली. मशीनवर बसून पायाखालचा पायटा मारत होती. पायटा नुसता खडखडत होता, चाक जागचं हलत नव्हतं.

"फिरत नाही," म्हणाली. "पट्टा कुठाय?"

वर्षभरात तिने मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, वर्गात चल.

बुधवार, १९ जुलै

वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. बाई त्यांना समजावत होत्या, खोली उत्तम आहे, मुलगीच नाजूक आहे. मला राहवेना. म्हटलं, मुलगी वर्षभर धडधाकट होती, रोज अर्धा तास मशीन चालवायची आणि वर्गात बसायची. मी पट्टे काढले आणि दहा दिवसांत तिची ही गत झाली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही? कशासाठी?"

खुन्नस, असं सांगितलं. दुसरा शब्द नव्हता.

वडिलांनी दाखल्याचा अर्ज घडी करून खिशात घातला. आठवडाभर बघतो, म्हणाले.

गुरुवार, २० जुलै

आज सुपूर्द केले: चामडी पट्टे सहा, कपाटाची किल्ली एक. घेणार – नववीतली मुलगी. पट्टे मीच काढले होते, हे सांगून दिले.

तिने मोजून घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही.