ताकदीची सुई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
शिरोळ, ६ जानेवारी १९९४

चि. सौ. प्रेरणास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. ह्यांनी तयार केलेल्या घोड्यांनी यंदा एकही मैदान सोडलेलं नाही. पार निपाणीकडचे लोक घोडी आणून बांधतात. तू हसशील, पण परसात आता धुणं वाळत घालायला जागा उरली नाही.

मुद्द्याचं लिहिते. यात्रेतल्या घोडागाडी शर्यतीला यंदा घोडे तपासणार आहेत आणि कमिटीने तुझ्या डॉक्टरांनाच बोलावलंय. शर्यतीआधी हे घोड्याला ताकदीची सुई देतात. सगळेच देतात म्हणे. आपल्या पाखऱ्यापुरता डॉक्टरांनी कानाडोळा करावा, एवढं त्यांच्या कानावर घाल.

पोरांना पापा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का


जयसिंगपूर, ११ जानेवारी १९९४

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. जेवता जेवता ऐकलं आणि म्हणाले, की त्या सुईने घोडा पळतो खरा, पण एखाद दिवशी पळता पळताच त्याचं काळीज बंद पडतं. दाजींनी पाखऱ्याला सुई न देता आणावं, नाहीतर गाडी बाजूला काढावी लागेल. मी पुन्हा विषय काढून पाहिला, पण हे बधत नाहीत.

राग आला तर माझ्यावर काढ. संक्रांतीची शेंगापोळी मात्र बंद करू नकोस.

दाजींना नमस्कार. धाकटीला विसरू नये.

तुझी,
प्रेरणा


शिरोळ, २ मे १९९४

चि. सौ. प्रेरणास अ. आ. वि. वि.

यात्रेपासून तुला लिहिलं नाही. रागच होता. पाखऱ्या उभ्या जागी घामाने भिजलेला पाहून डॉक्टरांनी भर मैदानात आमची गाडी काढली. कमिटीने ह्यांच्यावर वर्षभर बंदी घातली. वाटलं, आता दारात कुणी फिरकणार नाही. झालं उलटंच. लोक वाढले. पण घोडं कसं फिरवता, काय चारता, हे कुणी विचारीना. सगळ्यांना औषधाचं नाव पाहिजे. हे नुसते ऐकून घ्यायचे.

परवा एक बागायतदार देखणी घोडी घेऊन आले. ह्यांचा हात आपोआप तिच्या मानेवर गेला. पावणं म्हणाले, "एक मैदान मारून द्या. मग मेली तरी चालंल."

ह्यांनी हात काढून घेतला. "घोडी घिऊन जावा, पावणं. मी आता सुई टोचत न्हाय."

काल बाकीचीही ज्याची त्याला परत केली. पाखऱ्या घरचा, तो राहिला. उभ्या उभ्या धापा टाकतोय, वैरणीला तोंड लावत नाही. डॉक्टरांना पाठवशील का, म्हणून सकाळपासून हेच माझ्यामागे लागलेत. तुम्हीच लिहा म्हटलं, तर कागद माझ्याकडे सरकवला.

कुठल्या गाडीने येणार तेवढं कळव. स्टँडवर हे स्वतः येणार आहेत.

तुझी,
आक्का