सुईणबाईचा पहिला नंबर

३ मार्च, रविवार
लिही एलिदा, मी सांगते तसंच, मनाचं घालू नकोस. माझी ही नात तीन वर्षं शेला शहरातल्या विद्यापीठात शिकली ते काय, तर धडधाकट बायांना दवाखान्यात कसं न्यायचं! आजारी पडायच्या आधीच! आता शेवटची परीक्षा आमच्याच गावात. येत्या शनिवारी वीस बायांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. वीस भरल्या तर पास. मी हसले. मग तिची आई आठवली. माझी लेक कातारिना याच दुखण्याने गेली, चौतिसाव्या वर्षी. तेव्हा कुणी बघितलंच नव्हतं. हसू विरलं.

५ मार्च
सकाळी चर्चच्या भोंग्यावरून एलिदाचा आवाज — "पेत्रोनाची नात बोलतेय..." पुढचं वाऱ्याने नेलं. आणि आमच्याकडे भोंगा वाजतो तो कुणी गेल्यावरच! तासाभरात दारात बाराजणी, हातात मयताच्या घरी न्यायच्या मेणबत्त्या आणि साखर. सगळ्यांत पुढे शेजारची फ्लोरिंदा, मोठ्याने रडत. मी चुलीशी बसून मक्याची पेज पीत होते.
"मावशी, तू मेली नाहीस?"
"सवड कुठे मिळते बाई. साखर ठेवून जा."

६ मार्च
फ्लोरिंदाने साखर परत मागितली. दिली नाही.

९ मार्च, शनिवार
एकही बाई फिरकली नाही. दवाखान्यातली नर्स दिवसभर माश्या मारत बसली. एलिदाच्या विद्यापीठातल्या बाईंनी अजून एक शनिवार दिलाय, शेवटचा. पोरगी जेवली नाही. मी ओरडले, मग भरवलं. — हेही लिही, गाळू नकोस.

१२ मार्च
टोपलीत गोड पाव आणि चॉकलेट घेऊन दोघी घरोघर फिरतोय. बोलावणं असं करायचं असतं. बसायचं, खायचं, लेकराबाळांचं विचारायचं, उठता उठता कामाचं बोलायचं. पहिल्याच घरी ही टेकायच्या आधी "कर्करोग" म्हणाली! चिमटा काढला. फ्लोरिंदाने मात्र दोन पाव खाऊन विचारलं, "मावशी, माझी पाच बाळंतपणं तू केलीस. तू स्वतः कधी दाखवलंस?"
टोपली उचलली. एकसष्ट वर्षांची झाले, नवऱ्यानेसुद्धा कधी उजेडात पाहिलं नाही. हे खोड! — बरं, राहू दे.

१६ मार्च, शनिवार
पहिला नंबर माझा. चारशे बायांना सांगितलं असेल, "अंग सैल सोड, श्वास घे." आज नर्सने मला सांगितलं! मेलीचं वय काय! एलिदाने हात धरला होता. घामेजला होता — तिचा की माझा, कोण जाणे.
बाहेर फ्लोरिंदा उभीच. "दुखलं का गं?"
"तुझ्या थोरल्याने येताना तुला छळलं त्याच्या निम्मंही नाही."
बायका हसल्या, रांग लागली. माझ्यासकट तेवीस!

८ एप्रिल
तपासणीचे कागद आले. बावीस जणींचे चांगले. तेविसावा माझा. कातारिनाच्याच दुखण्याची अगदी सुरुवात आहे, एवढ्यावर काढून टाकता येतं म्हणाले डॉक्टर. परवा शेलाला जायचं.
एलिदा, पेन का थांबलं? लिही पोरी. याचसाठी तर शिकलीस ना?