पिचकारीचा क्लच

नांदेड, ३ डिसेंबर १९४६, मंगळवार

धाकट्या सरकारांनी लातूरहून एक मिस्त्री आणला. मला न विचारता. (यापुढे नुसतं धा.स. लिहीन, एवढं लांब लिहायला आज हात चालत नाही.)

गाडी दोन सिटांची, इंग्लिश, पळायला वाऱ्यासारखी. सहा वर्षं चालवायच्या सीटवर मी, शेजारी धा.स. बसतात. घोड्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा नीट वाकत नाही आणि आमचं क्लचचं पायडल भलतंच कडक. गियरही कुणाला धड पडत नाहीत, करकरतात. माझ्याच हाताला पडतात. म्हणून गाडी त्यांची, पण बाजारात लोक म्हणतात, नारायण मिस्त्रीची गाडी आली.

धा.स. म्हणाले, "मिस्त्री, हा बसवप्पा क्लच मऊ करून देतो म्हणतो. मग मीच चालवीन की!"

हसत म्हणाले. मीही हसलो. ते हसू कुठून आणलं ते माझं मला ठाऊक.

५ डिसेंबर, गुरुवार

लातूरकराने मोटारखान्यातल्या फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. लढाईतल्या मोडीत निघालेल्या लॉरीचे ब्रेकचे दोन पंप आणलेत. लहान पंप पायडलखाली, मोठा क्लचच्या दांडीपाशी, मध्ये तांब्याची नळी. आत काहीतरी पातळ, पाण्यासारखं भरायचं. इकडे पाय दाबला की तिकडे ते पातळ दांडी ढकलणार. लोखंडी सळई नको, काही नको.

मी म्हटलं, "ही गाडी आहे का होळीची पिचकारी?"

धा.स. मोठ्याने हसले. मला बरं वाटलं. तर हा म्हणतो, "पिचकारीच हाय की मामा. बरोबर वळखलात. मला एवढं सोपं करून सांगता आलं न्हाई."

झालं. आता धा.स. सुद्धा त्याला पिचकारीच म्हणतात. नाव मी ठेवलं, कौतुक त्याचं.

आणि मामा काय? मला चाळिशी लागायची आहे अजून. तो तिशीचा तरी असेल.

८ डिसेंबर, रविवार

कानशीने घासून घासून पंप धरायची एक पट्टी बसवली त्याने. तीनदा काढली, तीनदा घातली. मी म्हटलं, चालेल की. म्हणाला, "चालंल, पर बसंल न्हाई." काम नीट करतो. हे लिहायची इच्छा नव्हती.

दुपारी यमुना माझा डबा घेऊन आली ती दोन भाकरी जास्त घेऊन. "आवो, परगावचं माणूस हाय, हाटेलात किती दिस खाईल?" त्याने ठेच्याची तारीफ केली. घरी येईपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, ठेचा मी रोज खातो. मी तारीफ करत नाही म्हणे.

११ डिसेंबर, बुधवार

पिचकारी बसली, पण पायडल दाबलं की नुसतं खाली जातं. क्लच हलत नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. तोंड मात्र सुतकी ठेवलं.

लातूरकर म्हणाला, नळीत हवा राहिली. स्वतःच्या बाटलीतलं पातळ पंपावरच्या डबीत ओतलं आणि गाडीखाली गेला. मला सीटवर बसवलं. खालून सांगत होता, "दाबा मामा. धरा... धरून ऱ्हावा. आता सोडा." तासभर मी दाबत होतो, तो खाली स्क्रू ढिला करून हवा काढत होता. हळूहळू पायडल भरत आलं. मग एकदम मऊ, भरीव.

माझ्याच पायाने झालं ते. काय म्हणावं याला.

१२ डिसेंबर, गुरुवार

धा.स. स्वतः गाडी घेऊन गेले. कंधार रस्त्याला पाच मैल आणि परत. शेजारच्या सीटवर लातूरकर. मी फाटक उघडलं आणि फाटक लावलं.

परत आले तेव्हा धा.स. चा चेहरा लहान पोरासारखा. "मिस्त्री, गियर पडला तो कळलाच नाही! कमाल आहे!"

कमाल आहे. मला त्याचा मत्सर वाटतो, सरळ लिहून टाकतो. त्याच्या बोटांचा, त्याच्या डोक्याचा, तो मला मामा म्हणतो त्याचा. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार

लातूरकर आठ दिवस गावी गेला, बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "नळीचा एक जोड जरा पाझरून राहिला. डबीवर लक्ष ठेवा. कमी झालं की तेल टाका. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका मामा, तुमच्यावरच सोडून चाललो."

त्याची बाटली संपली होती, ती टाकून दिली.

१७ डिसेंबर, मंगळवार

डबी अर्धी झाली होती. टोपण उघडलं. वास आला कसलातरी

तेल टाकलं. आमच्या मोटारखान्यात तेल म्हणजे इंजिनात घालतो ते, दुसरं तेल इथे नसतंच. तेल म्हणाला, तेल टाकलं. त्यात माझं काही नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

पायडल घट्ट झालं, कितीही दाबलं तरी क्लच सुटत नाही. धा.स. फाटकातच अडकले. दोनदा करकर, मग बंद. आणि त्यांना आज कंधारला जायचंच होतं, जमिनीच्या मोजणीला.

"मिस्त्री, तुम्ही बसा."

दोन गड्यांनी ढकलली. पायडलला हातच लावायचा नाही असं ठरवलं, म्हणजे पायच. इंजिनाच्या आवाजावरून गियर टाकत गेलो. आवाज वर, जरा उतरू द्यायचा, मग गियर. एकदाही करकर नाही, जाताना नाही, येताना नाही. सहा वर्षांत अशी चालवली नव्हती. धा.स. शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होते. उतरताना म्हणाले, "तुमच्यासारखा हात नाही, मिस्त्री."

सहा वर्षं या वाक्याची वाट पाहिली. आणि आज जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

लातूरकर आला. पंप उघडला. आतलं रबर भिजल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. त्याने बोट लावून वास घेतला.

"मामा, ह्यात काय टाकलं होतं?"

"तू म्हणालास तेच. तेल."

"आवो, तेल म्हंजे एरंडेल! एरंडेल आन् दवाखान्यातलं स्पिरिट. हे तर मोबील हाय!" मग स्वतःच कपाळाला हात लावला. त्यांच्या लातुरात घाण्यातून निघतं तेवढ्यालाच तेल म्हणतात, इंजिनातल्याला सगळे मोबील म्हणतात. आम्ही नांदेडात मोबील म्हणत नाही.

धा.स. दारात उभे राहून ऐकत होते. लातूरकर उठून त्यांना म्हणाला, "चूक माझी हाय सरकार. मी मिस्त्रींना नीट सांगायला पायजे होतं. त्यान्ला बोल लावू नका."

धा.स. आत येऊन उघड्या पंपाकडे वाकून बघू लागले. मग म्हणाले, "एका शब्दाने बिघडणारी चीज मला नको. पण गाडी मिस्त्रींना कळते. मिस्त्री, उद्या सकाळी सांगा. पिचकारी ठेवायची, की काढून जुनी सळई बसवायची. तुम्ही म्हणाल तसं."

सळई म्हणालो तर लातूरकर उद्याच्या मोटारीने परत. एवढं सोपं.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळ

बसवप्पा मोटारखान्यात आलासुद्धा असेल. जोड पाझरत होता म्हणून नवीन रबरं लातूरहून येताना घेऊनच आला होता, काल बाहेर काढून दाखवली नाहीत. मीच त्याच्या पिशवीत पाहिली.

आता एक गोष्ट लिहितो, मग निघतो. सतराला टोपण उघडलं तेव्हा जो वास आला तो एरंडेलाचा होता. लहानपणी आई माझं नाक दाबून दर महिन्याला एरंडेल पाजायची. तो वास मी विसरेन होय? कळलं होतं मला. टोपण हातात धरून चांगला उभा राहिलो होतो. मग तेलाचा डबा घेतला.

कुणाला हे माहीत नाही. बसवप्पालाही नाही.

आमच्या फडताळात एरंडेलाची बाटली असतेच. ती पिशवीत टाकली. यमुनेने पाहिलं. "एरंडेल कुणाला?"

म्हटलं, "मलाच."

ती हसली. मोटारखाना इथून दहा मिनिटांवर. तिथे गेल्यावर काय बोलायचं ते अजून ठरत नाही. बाटली सोबत आहे. आणि गाडीला सिटा दोनच.