सकाळचं विमान

स्टुटगार्ट, २ ऑक्टोबर

प्रिय स्त्रातोस,

ताईचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. युर्गनचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, थंडी यंदा लवकर आलीय. तू दिलेलं ऑलिव्हचं तेल नीट पोचलं. आत्याच्या अंजिरांच्या मोरंब्याची बरणी मात्र बॅगेत फुटली. तिला सांगू नकोस, नाहीतर दुसरी धाडेल.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी खोटंच बोलते, म्हणून कागद घेतला.

गुरुवारी सकाळी विमानतळावर तू म्हणालास, "ताई, आजचा दिवस राहिली असतीस तर बरं झालं असतं गं." मी म्हटलं, "काय करू, विमान सकाळचंच मिळालं." विमान रात्रीचं होतं, स्त्रातोस. तुझी गाडी वळल्याबरोबर मी शहरात जाणारी बस पकडली.

पुरून तीन वर्षं झाली की आपल्या रिवाजाप्रमाणे तिथे स्मशानात बाबांची माती उघडणार, तू त्यांच्या अस्थी वाइनने धुऊन पेटीत ठेवणार, आणि थोरली लेक म्हणून मी शेजारी हवी, हे मला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. म्हणून तर पळाले.

आणि केलं काय, तर हिंडले! सुट्टीचा शेवटचा दिवस वसूल करणाऱ्या परक्या बाईसारखी, बॅग खडखडवत वरच्या जुन्या वस्तीपर्यंत चढले. कोटाच्या भिंतीवर बसून खालचा समुद्र बघितला. बाजारात ऑलिव्ह चाखले, घेतले नाहीत. बुगात्साच्या, त्या मलई भरलेल्या पापुद्र्यांच्या, दुकानात गेले तर मालक माझी बॅग बघून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागला, आणि मीही मेली जर्मनच बोलले!

"आज परत जाणार? मग मलईचीच खा, बाई. घरी गेल्यावर आठवण काढाल. इथे ओळखीचं कुणी आहे?"

"कुणी नाही," म्हटलं. ज्या गावात जन्मले, त्या गावात. पण गरम बुगात्सा मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, लाज नाही वाटली तेव्हा.

तुला आठवतं, माझ्या लग्नाच्या दिवशी बाबा कुठे होते? चर्चपासून दोन गल्ल्यांवर, कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळत. युर्गनसारखा जर्मन जावई नको म्हणून. घंटा वाजत होत्या आणि ते फासे टाकत होते. मी मनाशी म्हटलं होतं, तुमच्याही दिवशी मी अशीच बसेन. बसले. अगदी हिशेब चुकता केला, आणि वरून मलई खाल्ली.

संध्याकाळी मी धक्क्यावर होते तेव्हा तुझा फोन आला. "पोचलीस?" "हो रे, केव्हाच." मग तू रडायलाच लागलास. बाबा मातीत विरलेच नाहीत, परत पुरावं लागलं. आत्या तिथेच सगळ्यांदेखत म्हणाली की कुणाच्या तरी मनात राग आहे, म्हणून माती त्यांना घेत नाही. आणि तू हुंदके देत म्हणालास, "माझाच असणार गं. शेवटी शेवटी त्यांची अंथरुणं बदलताना एकदा माझ्या तोंडून गेलं होतं, सुटा एकदाचे म्हणून."

मी "उगी, रडू नको," एवढंच म्हटलं. चार वर्षं त्यांचं हगणं-मुतणं तू काढलंस, आणि त्या पापाचं ओझं तुझ्या डोक्यावर बसताना मी समुद्राकडे बघत राहिले. तिथून टॅक्सीने अर्ध्या तासात तुझ्यापाशी आले असते. नाही आले.

राग तुझा नाही, माझा आहे. आत्याला तसंच सांग, माझं नाव घेऊन सांग, सगळ्यांदेखत सांग. मी काही मनात आणणार नाही. तू मात्र एक रात्र तरी शांत झोप, राजा.

बाबांना माफ केलं असं लिहायला हवं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तुला पुन्हा खोटं कसं लिहू? पण पुढच्या वेळी माती उघडशील तेव्हा वाइन मी ओतीन. निघालं तर निघालं त्या वेळी तोंडातून. आणि नाहीच निघालं, तरी त्यांना हातात मी घेईन, तू नाही.

तुझी ताई, आणि हट्टात पुरती बाबांचीच लेक,
दोम्ना