बुडालेलं देऊळ दाखवणारा गाईड

१ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

माझं सगळं पालटलं ते आज सकाळी, पंचफुला माझ्या पाटीला हसली तेव्हा. पाटी मीच रंगवली — 'सुंदर तलाव. बोटीचे बंदर. बुडालेले देऊळ. पाहुण्यांचे स्वागत.' घाटावर ठोकत होतो. ती बापाच्या हॉटेलातल्या कपबशा धूत होती.

"बंदर? सोनबाकाकाचा एक डोंगा, तोबी गळका."

मी म्हणालो, "मुंबईचीही सुरुवात एकाच डोंग्यानं झाली असन."

तेव्हा हसली. त्यानंतर दिवसभर मला भूक नाही.

कॉलेज सुटलं तेही या तलावापायीच. प्रोफेसर भर वर्गात म्हणाले, तुमच्या गावात पाहण्यासारखं आहे तरी काय? बाक ढकलून बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात — "त्याले म्हना, जेवून घे." आता सरपंच बंडूजींनी मला गाईड नेमलंय. केळझरच्या गणपतीला येणारी माणसं इकडे वळवायची. पगार नाही. टोपी दिली.

२ फेब्रुवारी

पाहुणा एकही नाही. एक म्हैस येऊन पाटीला अंग घासून गेली.

४ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे आले! आर्वीकडचे — नत्थूजी नावाचे एक म्हातारे आणि त्यांची बहीण आनंदाबाई. डोंग्यात बसवलं. सोनबा वल्हवत होता, मी एका हातानं डब्यानं पाणी उपसत होतो, दुसऱ्या हातानं दाखवत होतो.

"इथं देऊळ आहे."

"कुठं?"

"आपल्या खाली. उन्हाळ्यात कळस दिसतो."

आनंदाबाईंनी पाण्यालाच हात जोडले. नत्थूजींचं मात्र लक्ष नव्हतं. म्हणाले, "देऊळ राहू द्या. हे घाटावरचे हॉटेलवाले डोमाजी, माणूस कसा आहे?"

पाहुणे चौकस असतात, असं बंडूजींनी सांगूनच ठेवलंय. म्हणालो, "देवमाणूस. त्यांच्या भज्यांसाठी सेलूहून लोक येतात." (येत नाहीत. पण येतील.)

"पोरगी फटकळ आहे म्हणतात."

माझं डोकंच सटकलं. डोंग्यात उभा राहिलो. डोंगा कलला, आनंदाबाईंनी सोनबाचा दंड धरला. "कोन म्हनते? नाव सांगा त्याचं! अशी पोरगी अख्ख्या जिल्ह्यात भेटनार नाई. मॅट्रिक झाली. बापाले दमा आहे, तर सारं हॉटेल एकटी पाहते. खरं तोंडावर बोलते, त्याले लोक फटकळ म्हनतात!"

"बस खाली," सोनबा म्हणाला. "बुडवतं का सगळ्याईले?"

नत्थूजी बहिणीकडे पाहून हसले. उतरताना माझी पाठ थोपटली. गावाचं नाव काढलं मी आज.

६ फेब्रुवारी, मंगळवार

डोमाजींनी भर हॉटेलात मला मिठी मारली. वाटलं, यांना कळलं!

"तुह्यामुळं जमलं रे बाबू. नत्थूजीच्या पोराशी आपल्या पंचफुलाचं. त्याईनं पानठेल्यावर इचारलं, पिठाच्या चक्कीवर इचारलं — कोनी धड बोलेना. तू डोंग्यात उभा राहून सांगतलं म्हने."

रविवारी सुपारी फुटणार आहे.

परका माणूस गावात येऊन कोणाच्या घरचं विचारू लागला की तो सोयरिकीची चौकशी करतोय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळलं असतं. पण डोक्यावर गाईडची टोपी होती ना!

डोमाजींनी भज्यांची प्लेट पुढ्यात ठेवली. खाल्ली. चांगली होती, याचाच जास्त राग आला.

७ फेब्रुवारी

ठरवलं — आर्वीला जातो आणि सांगतो, सगळं खोटं बोललो. ती आळशी आहे, भांडकुदळ आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'आळशी' निघतं तोंडातून. त्याच्या आधी 'पंचफुला' म्हटलं की मग निघत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सोनबानं गोष्ट गावभर केली. आई म्हणाली, "डोंग्यात उभा राह्यलता म्हने? पोहता तरी येते का तुले?"

बाबा तिला म्हणाले, "त्याले म्हना, लोकाईच्या सोयरिकी जमवते. बाशिंग विकाले बस म्हना आता."

१० फेब्रुवारी

पंचफुला स्वतः घाटावर आली. आज हसली नाही. पाटीखाली उभी राहून म्हणाली, "सोनबाकाकानं सांगतलं मले, तू काय काय बोल्ला ते."

मी डोंग्याला दोर बांधत बसलो. बांधलेलाच होता.

"आर्वीच्या लोकाईले येवढं सांगतलं. मंग माह्या बापाले काऊन नाई सांगत?"

"काय सांगू?"

"पाहा आता. हा गाईड म्हने!" दोन पावलं गेली, मग वळली. "सुपारी अजून फुटली नाई. उद्या सकाळी बाबा घरीच आहे. येजो."

११ फेब्रुवारी, रविवार

आर्वीची मंडळी दुपारच्या गाडीनं येणार. आत्ताच आईला सांगितलं — डोमाजींकडे जातो, पंचफुलाला मागायला. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. पोरानं स्वतःच जाऊन मागायचं, असं आमच्या घरात कोणी ऐकलेलं नाही. आतल्या खोलीत बाबा चप्पल शोधताहेत. मला मारायला की माझ्यासोबत यायला, कळत नाही.

थांबत नाही. निघालो, दार लावून.