घराला कुलूप लावू नये

मी, चारुलता वामन भावसार, वय एकाहत्तर, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. केली असती तर त्याचेही नाव इथे आले असते.

१. राहते घर, बँकेतील ठेवी आणि माझे दागिने माझी सून अमृता हिला मिळावेत. माझा मुलगा मयूर गेल्यावर ती खकनारला माहेरी गेली नाही. सेवेचे बक्षीस म्हणून देत नाही. घर तिचे आहे, म्हणून देते.

२. मी कोणत्याही नक्षत्रावर मेले तरी घराला कुलूप लागणार नाही. माझे यजमान पंचकात गेले, तेव्हा दीर चुडामण यांनी भटजी आणून घर सहा महिने बंद ठेवायला लावले. मी परतले तर पुढच्या दोन खोल्यांत त्यांच्या बहादरपूरच्या केळीबागेच्या नळ्या आणि खताची पोती. ती हलवायला कोर्टात जावे लागले. म्हणून माझ्या मृत्यूची वेळ अमृताने डॉक्टर आणि नगर निगम यांखेरीज कोणाला सांगू नये. सांत्वनाला येऊन जो आधी वेळ विचारील, त्याला चहा पाजून दारापर्यंत पोचवावे.

३. देवघरातील कुळाचे टाक भाऊजींना द्यावेत. मयूर डेंग्यूने गेला, त्याच्या तेराव्याला ते म्हणाले, "वहिनी, कॉन्व्हेंटात शिकून तुम्ही कुळाचार सोडला, त्याचंच हे फळ." देव माझ्यावर रागावले असतील, तर त्यांच्याकडे सुखात राहोत. माझ्या शाळेच्या सिस्टरनी कळवले की देव आवडत्यांनाच दुःख देतो. डासाचे नाव दोघांनीही घेतले नाही.

४. पुढे भाऊजींनी माझा नाद सोडून अमृताच्या पत्रिकेत मंगळ शोधला. ती मनावर घेणार नाही, असे मी धरून चालले. काल मी हे लिहायला बसले, तर भाजी निवडता निवडता तिने विचारले, "मम्मी, खरंच माझ्यामुळे तर नसेल ना?"

इतकी वर्षे माझ्या शेजारी बसून जेवली, आणि हे पोटात ठेवून.

तर साक्षीदारांसमोर लिहून ठेवते: नाही. मयूर अमृतामुळे गेला नाही. माझ्यामुळेही नाही. घर तिने हवे तर विकावे. या कलमात मात्र कोणी खाडाखोड करायची नाही. तिनेसुद्धा नाही.

सही: चारुलता वामन भावसार

साक्षीदार (दोघेही नात्यातले नाहीत, मुद्दामच):
१. भूपेंद्र महाजन, शेजारी
२. डॉ. मृणाल सुगंधी

बुऱ्हाणपूर, ११ नोव्हेंबर २०२४